भोपळ्याचं बी राखताना

गावठी भोपळ्याचं बी शोधायचं तर दुकानात नाही, माणसांकडे जावं लागतं. दुकानातल्या बहुतेक पाकिटांत संकरित वाण असतो. त्याचं फळ देखणं येतं, पण त्याच फळातलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर काय उगवेल ते सांगता येत नाही. मला हवे होते जुने वाण: गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात परसातून लावत आलेले, टणक सालीचे, पिकवून माळ्यावर ठेवले की महिनोन्महिने टिकणारे.

सुरुवात चतुर्थीच्या माटोळी बाजारापासून केली. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी आंबाडे, चिबूड, तवशी, सुपारीचे घड, रानातली कसली कसली फळं येतात, त्यात भोपळेही असतात. ते फळ बियांसाठी बहुधा कामाचं नसतं, कारण टांगायला हलकं हवं म्हणून कोवळंच तोडलेलं असतं. कामाची असते ती विकणारी बाई. गर्दी ओसरल्यावर तिच्याशी बोलायचं, वेल कुठे आहे ते विचारायचं, आणि मग खरा प्रश्न: गेल्या वर्षीचा एखादा माळ्यावर आहे का? कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत भाग घेणारी घरंही अशीच धुंडाळली. ज्यांना माटोळीला शेकड्याने जिन्नस जमवायचे असतात त्यांना कुठल्या वाड्यावर काय पिकतं हे तोंडपाठ असतं. मे महिन्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीने भरलेला असतो, तिथे कांद्या-मिरच्यांच्या आडोशाला पूर्ण पिकलेले भोपळे सापडतात. अख्खा घ्यायचा, फोड नाही. देठ बघायला मिळायला हवा.

बी मागितलं की नाही म्हणणारं मला कुणी भेटलं नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका काकींनी मात्र अट घातली, "व्हर गो बाय, पूण फुडल्या वर्सा म्हाका परत दिवपाक जाय." म्हणजे ने बाई, पण पुढच्या वर्षी मला परत द्यायला हवं. उंदरांनी बी खाल्लं, वेल पावसात कुजला, तर दुसऱ्या घरी ते असावं, एवढा साधा हिशेब. माझ्या पुढच्या सगळ्या कामाची पद्धत त्या अटीवरूनच ठरली.

देठाचं महत्त्व असं. आपण ज्याला सरसकट लाल भोपळा म्हणतो त्यात मोस्काटा, मॅक्झिमा आणि पेपो अशा वेगवेगळ्या जाती आहेत. मोस्काटाचा देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरट असतो. मॅक्झिमाचा देठ गोल, जाड, बुचासारखा मऊसर. पेपोचा कंगोरेदार, पण खाली न पसरणारा. मी गोळा केलेले गावठी भोपळे, म्हणजे खोल खाचांचा चपटा, लांब मानेचा आणि राखाडी हिरवा गोल, तिन्ही मोस्काटाच निघाले. दमट उष्ण हवा मोस्काटालाच सर्वांत जास्त मानवते. या सगळ्या जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या, म्हणजे आज परंपरेच्या माटोळीत टांगलेला भोपळा आपल्याकडे आला तो पोर्तुगीज काळातच. बाहेरून आलेल्या पिकाला गावठी म्हणायला किती पिढ्या लागतात कोण जाणे.

तिन्ही एकाच जातीचे म्हणजे तिघांचा एकमेकांशी संकर सहज होतो. मधमाशी एका परसातून दुसऱ्या परसात जाते, तिला कुंपण नाही. वाण शुद्ध ठेवायला दोन बागांत निदान अर्धा किलोमीटर तरी अंतर हवं, आणि आमच्या वाड्यावर एवढ्या अंतरात चार घरांचे वेल असतात. मोस्काटा आणि मॅक्झिमा यांचा संकर मात्र सहजी होत नाही. म्हणून बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का सूर्यमुखी, जो मॅक्झिमा आहे, तो मी गावठीशेजारी बिनधास्त लावते. त्याच संस्थेचा अर्का चंदन मोस्काटा आहे, त्याला आमच्या परसात जागा नाही.

गोव्यात दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी पोर्तुगालला नाहीतर लंडनला असतं. मलाही तिकडचे हबर्ड, बटरनट यांचं बी खिशातून आणून द्यायची तयारी एका नातलगाने दाखवली. मी नको म्हटलं. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशी बी आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि तो नियम मला उगाच वाटत नाही. काकडी-भोपळ्याच्या कुळातले काही विषाणू बियांतूनही पसरतात. एका हौशी पाकिटापायी साऱ्या वाड्याचे वेल पणाला लावायचे नाहीत.

लावणीचे दोन हंगाम. जूनमध्ये जांभ्या जमिनीत पालापाचोळा आणि शेणखताचा उंचवटा करून त्यावर बी टोचायचं. हे खायचं पीक. पावसात परागकण भिजतात, माशा फिरकत नाहीत, फळं थोडी धरतात. बियांचं पीक मी नोव्हेंबरात घेते, भातकापणीनंतरच्या वायंगणी ओलीवर. थंडीच्या लहान दिवसांत मादी फुलं जास्त येतात आणि फळ पिकतं ते कोरड्या हवेत. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात. नवे लोक घाबरून विचारतात, वेल वांझ आहे का? नाही. तोवर फुलांची भजी करा.

मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीच असतो, त्यावरून ते ओळखायचं. उद्या उमलणारं फूल आदल्या संध्याकाळी कळतं, टोकाला पिवळं पडलेलं असतं. अशी मादी फुलं आणि त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरची नर फुलं हेरून टोकाशी बांधून ठेवायची. क्लिपा, लोकर असं काय काय लोक वापरतात. मी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायला वापरतात तो केळीच्या सोपटाचा दोरा घेते, पाकळी कापत नाही. सकाळी आठच्या आत काम उरकायचं, कारण ऊन चढलं की फूल मलूल होतं. नर फूल तोडून पाकळ्या सोलून टाकायच्या, मधला पिवळा दांडा मोकळा करायचा, मादी फुलाची गाठ सोडून आतल्या तिन्ही कुक्षींवर तो नीट फिरवायचा. एका मादीला दोन-तीन नर, तेही वेगवेगळ्या वेलांवरचे. मग मादी फूल पुन्हा बांधायचं आणि देठाला रंगीत दोरा. रात्रीत गाठ सुटून फूल आपोआप उमललेलं दिसलं तर ते सोडून द्यायचं, तिथे माशी येऊन गेलेली असू शकते. आठवड्याभरात खालचा भोपळा फुगू लागला तर जमलं, पिवळा पडून गळला तर दुसरं फूल. वेलाला आधीच दोन-तीन फळं लागलेली असली की तो नवं फळ धरत नाही, म्हणून बियांची फळं आधी धरून घ्यावीत.

कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे येतात, त्यांना सकाळच्या दवात राख उडवायची. फळमाशीसाठी क्यू ल्यूर या गंधाच्या आमिषाचा सापळा टांगते. त्यात फक्त नर सापडतात, म्हणून दोरा बांधलेल्या फळांना शिवाय जुन्या सुती कापडाची पिशवी. माकडांवर उपाय सांगणाऱ्याचा शोध चालू आहे.

सालीत नख रुतेनासं झालं आणि देठ वाळला की फळ थोडा देठ ठेवून कापायचं. लगेच फोडायचं नाही. हवेशीर जागी आणखी काही आठवडे ठेवलं की बी आत भरतं आणि गरही गोड होतो. मग बी धुऊन, चोळून, सुपात पसरून सावलीत वाळवायचं. दुमडल्यावर वाकलं तर कच्चं, काटकन मोडलं तर झालं. आमच्याकडे पूर्वी बी राखेत घालून किंवा शेणात थापून भिंतीला लावत. मी काचेची बरणी घेते आणि तळाशी कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ पुरचुंडीत ठेवते, ते ओल शोषतात. आमच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातलं बी बुरशीने जातं. असं जपलं तर चार-पाच वर्षं उगवतं.

एका परसात तीन मोस्काटा सांभाळणं म्हणजे हंगामभर रोज संध्याकाळी दोरा घेऊन फिरणं. त्यामुळे आता वाण वाटून दिले आहेत. चपटा माझ्याकडे, लांब मानेचा माझ्या नणंदेकडे डिचोलीला, राखाडी सत्तरीच्या काकींकडे परत. प्रत्येकीकडे बाकी दोघींच्या बियांची बरणी असते, पेरायची नाही, नुसती ठेवायची.

नोंदींची वही मी लिहिते, निवड मात्र काकी करतात. त्यांचा नियम असा की फळ फोडल्यावर त्याची एक फोड आधी खतखत्यात, म्हणजे आमच्या मिश्र भाजीत, पडली पाहिजे. पाणचट लागलं तर त्यातलं बी गाईला, रूप कितीही चांगलं असो. कडू लागलं तर सगळंच फळ टाकून द्यायचं, गाईलाही नाही. लांब मानेचा घारग्यांना उत्तम, कारण मानेत बी नसतं, सगळा घट्ट गर. राखाडी खतखत्यात तिरफळाबरोबर शिजूनही फोड मोडत नाही. माझा चपटा दिसायलाच चांगला, असं काकी म्हणतात. यंदा त्यातल्या गोड निघालेल्या दोनच फळांचं बी ठेवलं आहे.