फेब्रुवारीअखेरचं व्हिएन्ना : थंडीपेक्षा काउंटरने जास्त छळलं

फेब्रुवारीच्या शेवटी व्हिएन्नाला जाणार असाल तर आधी एवढं करा: कोट अंगावर घालून विमानात चढा. बॅगेत नको, वरच्या कप्प्यात नको. पुण्यात तेव्हा दुपारी ३३-३४ अंशांचं ऊन असतं आणि मुंबई विमानतळावर घाम फुटतो, तरीही.

आम्ही म्हणजे मी आणि आई. व्हिसा, तिकिटं, हॉटेल सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते मधल्या विमानतळावर दुसरं विमान पकडताना. गेटवरचा माणूस म्हणाला, विमान भरलंय, चाकांच्या छोट्या बॅगा खाली टाकाव्या लागतील. आमच्या त्या बॅगेत दोघींचे कोट, हातमोजे आणि लोकरीच्या टोप्या होत्या. मी म्हटलं, कोट तेवढे काढून घेते, एक मिनिट द्या. रांग खोळंबेल म्हणून त्याने तेही करू दिलं नाही. "व्हिएन्नाला विमानाच्या दाराशीच मिळेल," असं म्हणत चिठ्ठीचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला आणि बॅग गेली.

दाराशी मिळाली नाही. पट्ट्यावर दोन मोठ्या बॅगा आल्या, ही आलीच नाही. मग हरवलेल्या सामानाचं काउंटर. तिथल्या बाईंनी बोर्डिंग पास पाहिले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुमच्या नावावर दोनच बॅगा आहेत आणि दोन्ही मिळाल्या आहेत. मी चिठ्ठी पुढे केली. तो नंबर त्यांच्या यंत्रणेत सापडेना, कारण गेटवरच्या त्या माणसाने तो आमच्या तिकिटाशी जोडलाच नव्हता. "म्हणजे ही बॅग आमच्याकडे नाही." बॅग तुमच्याच माणसाने माझ्या हातातून घेतली, हे मी किती वेळा सांगितलं असेल! दर वेळी त्या पुन्हा स्क्रीनकडे बघत आणि तेच वाक्य बोलत. शेवटी, उद्या फोन करा, म्हणाल्या. आई मागच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती आणि बाहेर तापमान दोन अंश होतं.

मी तिथून हलले नाही, आणि हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं. कस्टम्सच्या दारातून एकदा बाहेर पडलं की आत परत येता येत नाही, आणि तक्रार न नोंदवता बाहेर पडणं म्हणजे बॅगेवर पाणी सोडणं. त्या तक्रारीला पीआयआर म्हणतात, प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट. तिचा नंबर मिळतो: आधी विमानतळाची तीन अक्षरं, मग कंपनीची दोन, मग पाच आकडे. तो कागद हातात आल्याशिवाय हलू नका. बॅगेच्या आकाराचा आणि रंगाचा चित्रांचा तक्ता समोर ठेवतात, त्यावर बोट ठेवून सांगायचं असतं. फोनमध्ये बॅगेचा फोटो असला तर हे पटकन होतं, माझ्याकडे होता. शेवटी त्यांच्या वरिष्ठांनी चिठ्ठीचा नंबर हाताने घालून नोंद करून दिली. पण तोवर संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

तो शनिवार होता. ऑस्ट्रियात शनिवारी दुकानं संध्याकाळी सहाला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. मॉल नाही, कपड्यांची साखळी दुकानं नाहीत, साधा सुपरमार्केटही नाही. रविवारी उघडी असतात ती मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची आणि विमानतळावरची दुकानं. हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनावर, आम्हाला दूध, ब्रेड, फळं मिळाली, कोट नाही. जमलं तर शनिवारी संध्याकाळी उतरेल असं तिकीट काढूच नका.

थंडी नेमकी किती? फेब्रुवारीअखेर दुपारी पाच-सहा अंश, पहाटे शून्याच्या आसपास. आकडा वाचून लेह-मनालीला जाऊन आलेल्यांना विशेष वाटणार नाही. पण व्हिएन्नाला वारा आहे. आल्प्स आणि कार्पेथियन यांच्यामधल्या खिंडारात हे शहर वसलंय, त्यामुळे वारा तिथून सरळ आत घुसतो. डॅन्यूबच्या पुलावर तर उभं राहवत नाही. रविवारी दोघींनी थर्मल, दोन-दोन स्वेटर आणि वर मोठ्या बॅगेत निघालेली पावसाळी जाकिटं घातली. वारा अडवणारा तो पातळ थरच सगळ्यात कामाला आला, स्वेटर नव्हे. आईचे कान ओढणीने बांधले.

रविवारी म्युझियम उघडी असतात हे नशीब. कुन्स्टहिस्टोरिशेस या कलेच्या म्युझियममध्ये आम्ही जवळजवळ दिवसभर होतो. आत सगळीकडे हीटिंग असतं, त्यामुळे एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा काढता येतील असे थर घाला. सोमवारी मात्र काही म्युझियम बंद असतात. मधे कॉफीहाउसमध्ये बसलो. एका कॉफीवर कितीही वेळ बसलं तरी कुणी उठवत नाही, आणि ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास आपोआप येतो. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

सोमवारी सकाळी मारियाहिल्फर श्ट्रासे या खरेदीच्या रस्त्यावर गेलो. हंगाम संपत आल्यामुळे हिवाळी कोट सवलतीत होते. दुकानात पुढे सगळे वसंताचे कपडे, कोट मागच्या कोपऱ्यात एका दांडीवर. आईला गुडघ्यापर्यंतचा, टोपीवाला कोट मिळाला, मीही एक घेतला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी रात्री बर्फ पडला. सकाळी फुटपाथवर खडीची बारीक कच पसरलेली, पायाखाली करकर वाजते. घसरू नये म्हणून टाकतात. इमारतींच्या भिंतींना लाकडी काठ्या तिरप्या टेकवून ठेवलेल्या दिसल्या, काहींवर पाटी होती 'डाखलाविने'. म्हणजे छतावरचा बर्फ खाली कोसळू शकतो. तशी काठी दिसली की भिंतीपासून लांब व्हायचं. बुटाचा तळवा खोल नक्षीचा हवा, मॉर्निंग वॉकचे गुळगुळीत झालेले चालणार नाहीत.

दिवस साडेपाचच्या सुमारास मावळतो. शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेतली झाडं निष्पर्ण आणि कारंजी बंद असतात. फुलं बघायची असतील तर एप्रिलनंतर जा. राजवाडा आतून बघायला मात्र हेच दिवस चांगले, गर्दी कमी असते. ओठ आणि हात फुटतात, व्हॅसलीन खिशात ठेवा.

हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेला आवाज आणि वेबसाइटवर "शोध सुरू आहे" यापलीकडे काही कळत नव्हतं. बॅग बुधवारी रात्री हॉटेलवर आली. पैशांसाठी लिहिलं तर विमान कंपनीने नव्या कोटांची निम्मी रक्कम देऊ केली. कोट तुमच्याकडेच राहणार, हे कारण. मी कळवलं की आमच्याकडे कोट होते, ते तुमच्या माणसाने काढू दिले नाहीत. विमानप्रवासातल्या भरपाईबद्दलच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराचा हवाला दिला: उशिरा आलेल्या बॅगेसाठी ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची असते, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे दीड लाख रुपयांहून जास्त आहे. आईच्या कोटाचे पूर्ण पैसे मिळाले, माझ्या कोटाचे निम्मे. भांडल्याचं समाधान आहे. दुकानाच्या पावतीवरची शाई लवकर उडते. ती हातात पडताच फोटो काढून ठेवा, मला तोच उपयोगी पडला.