सगळ्या नळ्या सारख्याच लाल, पोटॅशियम मात्र वेगळं

आठ मेंढ्यांचं रक्त प्लाझ्मा (पेशी सोडून उरणारा पातळ भाग) वेगळा न करताच प्रयोगशाळेत आलं होतं, वाटेत हादरे खात. सेंट्रिफ्यूज केल्यावर आठही नळ्यांत वर लाल प्लाझ्मा. म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या होत्या. पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं, म्हणून ते सगळ्यांत वाढलेलं दिसायला हवं होतं. वाढलं ते पाचांतच, ६.१ ते ६.५ मिलीमोल प्रति लिटर. उरलेल्या तिघींत ४.६ ते ४.९. त्या पाचही मेंढ्या एका जातीच्या, तीन दुसऱ्या. या जातीला मूत्रपिंडाचा आजार आहे का, असं पशुवैद्यांनी विचारलं होतं. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन मात्र आठही मेंढ्यांचं व्यवस्थित.

प्लाझ्मातलं मोकळं हिमोग्लोबिन सगळ्यांत ६ ग्रॅम प्रति लिटरच्या आसपास निघालं. तांबड्या पेशीत लिटरमागे साधारण ३३० ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं, तर लिटरभर प्लाझ्मामागे सुमारे १८ मिलिलिटर पेशी फुटल्या होत्या. आठही नमुन्यांत तेवढ्याच! मग फरक पेशींच्या आतच असणार.

मेंढ्यांत तांबड्या पेशींचे दोन आनुवंशिक प्रकार असतात, हे संशोधक इव्हान्स यांनी १९५४ मध्ये ब्रिटिश जातींवर दाखवलं. उच्च-पोटॅशियम पेशीत लिटरमागे ८०-९० मिलीमोल पोटॅशियम. निम्न-पोटॅशियम पेशीत १०-२०, आणि त्याची जागा सोडियमने घेतलेली. निम्न प्रकार प्रभावी, म्हणजे त्याचा जनुक एका पालकाकडून आला तरी पुरतो, म्हणून उच्च गुणाची मेंढी ही दोन्ही पालकांकडून तोच जनुक घेतलेली. एकाच जातीत दोन्ही प्रकार सापडतात, फक्त प्रमाण जातीगणिक बदलतं. आकडेमोडही जुळली: १८ मिलिलिटर उच्च पेशी दीड मिलीमोल वाढवतात, निम्न पेशी जेमतेम ०.२.

तरी पुरावा हवा, म्हणून नवं रक्त लिथियम हेपॅरिन या गोठणरोधकाच्या नळीत मागवलं. पोटॅशियम ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाची नळी इथे चालत नाही. ती स्वतःच पोटॅशियम ओतते. नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करून ०.१ मिलिलिटर पूर्ण रक्त ९.९ मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात टाकलं. पेशी लगेच फुटतात. प्लाझ्माचंही तसंच केलं आणि दोन्हींतलं पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून धातू मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलं. मेंढीच्या पेशी बारीक असल्याने हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या पेशींच्या वाट्याची) नळी नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवली. पेशींमध्ये प्लाझ्मा अडकला तर हिमॅटोक्रिट फुगतो आणि पेशीतलं पोटॅशियम खोटं कमी येतं.

पूर्ण रक्ताच्या आकड्यातून प्लाझ्माचा वाटा वजा करायचा आणि हिमॅटोक्रिटने भागायचं. एका मेंढीत रक्त ३०, प्लाझ्मा ४.६, हिमॅटोक्रिट ०.३२. प्लाझ्माचा वाटा ४.६ × ०.६८, म्हणजे ३.१. उरलेल्या २६.९ ला ०.३२ ने भागलं की ८४. पाचही ८० ते ८८ मध्ये आल्या, तिघी ११ ते १४ मध्ये.

याच पद्धतीने कळपाची वर्गवारी करायची असेल, तर कोकरं वगळा. सगळी कोकरं उच्च-पोटॅशियम पेशी घेऊनच जन्मतात आणि निम्न प्रकार पहिल्या दोनेक महिन्यांत उमटतो. मोठा रक्तस्राव झालेली निम्न मेंढीही काही काळ फसवते, कारण नव्या पेशींत पोटॅशियम जास्त असतं.

ताज्या, न फुटलेल्या प्लाझ्मात त्या पाच मेंढ्यांचं पोटॅशियम ४.३ ते ४.८ भरलं. अहवालात तेच आकडे गेले, शेजारी प्रत्येकीच्या पेशींचा प्रकार लिहून.