विहिरीतील पाणी आणि लेझरची मोजपट्टी

जळगावकडच्या आमच्या केळीच्या बागेत विहिरीची पातळी प्रकाशाने मोजण्याचा प्रयोग सध्या चालू आहे. प्रकाशाचा स्पंद, म्हणजे क्षणिक झोत, पाठवायचा आणि तो परतण्यास लागलेला वेळ मोजायचा, एवढेच तत्त्व. परंतु वेळेत एका नॅनोसेकंदाची (सेकंदाच्या अब्जाव्या भागाची) चूक झाली, तर अंतर सुमारे १५ सेंटिमीटरने चुकते.

नितळ पाणी प्रकाश धड परतवत नाही, म्हणून आम्ही उभ्या पाइपात पांढरा रंग दिलेली थर्माकोलची चकती तरंगत ठेवली. अशा पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. पल्ला दुप्पट करायचा, तर चौपट शक्ती हवी. डोळ्यांच्या सुरक्षिततेमुळे लेझरची शक्ती मनमानी वाढवता येत नाही, तेव्हा परतलेला प्रकाश टिपणाऱ्या संवेदकापुढे मोठे भिंग लावणेच मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खानदेशातले मे महिन्याचे ऊन हा वेगळाच शत्रू. हवेतील बाष्प ९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा सूर्यप्रकाश बराच शोषते, म्हणून त्या तरंगलांबीचा लेझर आणि तेवढाच प्रकाश आत सोडणारी अरुंद पट्ट्याची गाळणी ही जोडी उपयोगी पडते.

शंभर मोजमापांची सरासरी घेतल्यास यादृच्छिक त्रुटी दहापटीने घटते. मात्र इलेक्ट्रॉनिक मंडल (सर्किट) तापल्याने किंवा परतलेला स्पंद दुबळा असल्याने येणारी त्रुटी सरासरीने जात नाही. तिच्यासाठी विहिरीत मोजफीत सोडून, सकाळी आणि भर दुपारी, वेगवेगळ्या पातळ्यांवर पडताळणीच करावी लागते.