तेरा दिवसांत भारत, म्हणे!

इथे जर्मनीत ऑफिसमधल्या एका जर्मन मित्राने परवा जेवताना लॅपटॉप उघडून माझ्यासमोर सरकवला. एक्सेल शीट. वरती तारखा, 22 डिसेंबर ते 3 जानेवारी, आणि खाली अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने भरलेले, दिल्ली आग्रा जयपूर वाराणसी मुंबई अजिंठा हंपी गोवा केरळ. "काही राहिलंय का?" असं अगदी मनापासून विचारत होता. मी म्हणलं बाबा रे, राहिलंय ते सोड, यातलं काय काढायचं ते बघू आधी.

त्याचं काही चुकलंय असंही नाही. म्युनिकहून गाडी काढली की चार-पाच तासांत दुसरा देश पण बघून होतो, त्यामुळे अंतर म्हणजे काय हेच या लोकांना कळत नाही. मी त्याला सांगितलं, जर्मनी उत्तर-दक्षिण 876 किलोमीटर, आणि आमचं मुंबई ते नागपूर रेल्वेने 837, आणि एवढं जाऊन आम्ही अजून त्याच राज्यात असतो. तर लगेच फोन काढून चेक केलं त्याने. जर्मनच शेवटी.

मग हवा. "डिसेंबरमध्ये भारतात हवा कशी असते?" आता याचं एक उत्तर कुठून आणू? कर्कवृत्त देशाच्या मधोमध जातंय, केरळात घाम, साताऱ्यात सकाळी स्वेटर दुपारी टोपी, आणि दिल्लीत धुकं. तो म्हणाला मी म्युनिकचा, मला थंडीचं काय सांगतोस. त्यावर मी हसलो फक्त. इथे बाहेर उणे पाच असलं तरी घरात टीशर्टवर बसतो आपण, तिकडे दिल्लीत रात्री सात-आठ डिग्री, हीटिंगचा पत्ता नाही, खाली थंडगार फरशी. बाहेरची थंडी परवडली, आतली नाही. लोकरीचे मोजे सांगितलेत त्याला, चांगले दोन जोड.

भाषेची पण गंमत. ॲपवर तीन महिने हिंदी शिकतोय बिचारा. माझ्या पाकिटात दहाची एक जुनी नोट पडून असते, ती काढून मागची पट्टी दाखवली, पंधरा भाषा एकाखाली एक, शिवाय हिंदी आणि इंग्रजी वेगळ्या. बराच वेळ बघत बसला नोटेकडे. मग म्हणाला मराठी कुठली यातली? आणि मला चटकन सापडेना हो! लाज वाटली जरा.

तर कापाकापी सुरू केली. केरळ गेलं, हंपी गेलं, गोवा जाताना त्याचा चेहरा पडला, पण नाताळ ते न्यू इयरचा गोवा म्हणजे गर्दी आणि वाट्टेल ते रेट, त्यापेक्षा न गेलेलं बरं. वाराणसी आणि जयपूर पुढच्या वेळी. ताजमहाल मात्र सोडायला तयार नाही, आणि तोही नाताळच्या दिवशी बघायचा असं बायकोला प्रॉमिस केलंय. झालं! 2026 चा 25 डिसेंबर येतो शुक्रवारी आणि शुक्रवारी ताज बंद. गुरुवारी ढकललं. वर ब्लॉगवाले सगळे सांगतात सूर्योदयाला जा, तेही खोडलं मी, त्या दिवसांत सकाळी धुक्यात पांढऱ्यावर पांढरं, दिसणार काय? अकराच्या पुढे जा म्हणलं आरामात.

दिल्लीहून खाली यायला विमान न धरता सचखंड एक्सप्रेस सुचवलीय. अमृतसर-नांदेड गाडी, वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो, फुकट, डबा किंवा ताटली मात्र आपली हवी. धुक्याने गाडी लेट होणार हे धरूनच चालायचं, म्हणून पुढचा अख्खा रविवार मोकळा ठेवला. बुकिंग पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आलंय, म्हणजे 26 डिसेंबरच्या गाडीला 27 ऑक्टोबर. अलार्म मीच लावलाय, कारण नेमका सकाळी आठचा टाइम म्हणजे आपल्याकडे इथे पहाटेचा.

संभाजीनगरला मी जॉइन होणार. इथे वार फार जपावे लागतात, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. आमचा नशिबाने सोमवारी वेरूळ मंगळवारी अजिंठा असा जमलाय, उलटं केलं असतं तर दोन्हीकडे गेटवर फोटो काढून परत. वेरूळच्या कैलासला मी तीन तास ठेवलेत, त्याच्या शीटमध्ये 45 मिनिटं होती! एक डोंगर वरून खाली कोरत आणून त्यातून देऊळ काढलंय, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, तिथे घड्याळ बघणाऱ्या माणसाला मी खाली चहाच्या टपरीवर बसवून ठेवेन. अजिंठ्याला फर्दापूरहून शेवटचे चार किलोमीटर त्यांच्याच बसने जावं लागतं, त्याचा वेळ वेगळा धरलाय.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं तर तिचं भलतंच. "अरे लेणी कुठं पळून चाललीत, पाहुण्याला हुरडा खायला आण." मामाची खटावकडे ज्वारी असते, डिसेंबर अखेरीला कणसं हुरड्यावर येतात. आगटीत गोवऱ्या पेटवून कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. ताजपेक्षा हे त्याला जास्त लक्षात राहील अशी माझी पैज आहे, पण आईला सांगितलं नाही, उगाच चढेल.

तर 31 डिसेंबर हुरडा, हे फिक्स. काल मित्राचा मेसेज आला, हुरड्याचा स्लॉट किती वाजताचा, ऑनलाइन बुक होतो का? आईला विचारलं. ती म्हणाली, "मामाला विचार, आणि मामा ज्वारीला विचारेल. अजून पेरणी व्हायचीय म्हणावं."

त्याने तो रकाना पिवळा करून ठेवलाय.