जस्ताचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा शाळेतून निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेली बरीच वर्षं मी रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ बोटींच्या दुरुस्तीचं काम करतो. त्या कामातलं जे मला मुळापासून समजतं, ते नववीतल्या जस्ताच्या तासामुळे.

घरातले संपलेले सेल घेऊन या, असं सरांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा बॅटरीशिवाय घर नसायचं, त्यामुळे टेबलावर ढीग पडला. सरांनी वर्तमानपत्र पसरून एक सेल पक्कडीने सोलला. आत काळी ओलसर भुकटी, मधोमध कार्बनची कांडी, आणि भोवती राखाडी डबी. ती डबी जागोजागी कागदासारखी पातळ झालेली, तळाशी तर भोकच पडलेलं. "हे जस्त. हे खर्च होतं म्हणून बॅटरी लागते," सर म्हणाले.

मग त्या डबीची पट्टी कापून, पॉलिश पेपरने घासून, त्यांनी ती एका खिळ्याला घट्ट गुंडाळली. दुसरा खिळा तसाच ठेवला. दोन्ही खिळे वेगवेगळ्या बाटल्यांत, समुद्राच्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी उघड्या खिळ्याखाली तांबूस गाळ बसला होता. पट्टीवाला खिळा स्वच्छ होता, पट्टीवर मात्र पांढरी भुकटी धरली होती. जस्ताने लोखंडासाठी त्याग केला, असं कुणीतरी म्हणालं. सरांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांनी फळ्यावर आकडे लिहिले: जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४. दोन धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात असले, की ज्याचा आकडा खालचा तो आधी झिजतो आणि दुसरा वाचतो. मला ते आकडे आजही पाठ आहेत.

बोटीच्या पंख्याजवळ, सुकाणूवर आम्ही जस्ताचे ठोकळे बसवतो. बंदरावर त्यांना नुसतं 'झिंक' म्हणतात. पंखा पितळी किंवा ब्रॉन्झचा आणि आजूबाजूचं काम लोखंडी, म्हणजे झिंक नसेल तर लोखंडच खाल्लं जाणार. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी वर ओढल्या की मी आधी झिंक बघतो. निम्मं झिजलेलं असेल तर ते काम करतंय, बदलायचं. जसंच्या तसं असेल तर मला काळजी वाटते: एकतर बोल्टखाली रंग राहून धातूला धातू लागलेला नाही, नाहीतर कुणी हौसेने झिंकलाच रंग फासलाय. नव्या पोरांना मी हे कळकळीने सांगतो.

ही युक्ती जुनी आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळावरच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्त जोडून पाहिलं. तांबं झिजायचं थांबलं, पण तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढू लागले, कारण विरघळणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं. जस्ताचा इतिहास तर आपल्या देशात त्याहून जुना. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे भट्टीत तयार होताच वाफ होऊन निसटतं. राजस्थानात जावरच्या कारागिरांनी ती वाफ मातीच्या मुशींतून खाली उतरवून थंड करायची रीत शतकांपूर्वी बसवली होती. हे शाळेत मुलांना अभिमानाने सांगायला हवं.

कोकणात घरोघरी लागणाऱ्या दोन गोष्टी. जस्ती पत्र्याचा किंवा पाइपचा जोड वेल्डिंगने करताना आधी जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा. तो पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आणि कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ जस्ती बादलीत ठेवू नका. आंबटात जस्त विरघळतं आणि पोट बिघडतं.

माझ्याकडे झिजलेल्या झिंकचे तुकडे कायम पडून असतात. शाळेच्या प्रयोगशाळेला हवे असतील तर कळवा, गणपतीला गावी येताना घेऊन येतो. खिळे आणि समुद्राचं पाणी तुमच्याकडे आहेच.