ओट्याची पट्टी न फोडता भिंतींना बसवलेल्या टाइल्स : माझा अनुभव

आमच्या कोथरूडच्या घरातील स्वयंपाकघराचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असून एका लांब आणि एका छोट्या भिंतीलगत आहे. त्याच्या मागे भिंतीलगत चार इंच उंचीची ग्रॅनाइटची पट्टी उभी आहे आणि शेगडीच्या मागे त्याच दगडाचा तीन फूट रुंद व दोन फूट उंच तुकडा बसवलेला आहे. त्याच्या वरची भिंत आधीच्या मालकांनी ऑइल पेंटने रंगवली होती. पट्टी आणि भिंत यांच्यातील फट पांढऱ्या सिमेंटने भरलेली होती, पण त्या सिमेंटला केसासारखी चीर पडून तिच्यातून पाणी आत झिरपत असे. सिंकजवळच्या रंगाला फुगे आले आणि खालच्या ट्रॉलीची पाठ ओलीने फुगली, तेव्हा ओट्यापासून खिडकीच्या लिंटेलपर्यंत (खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंत), म्हणजे जमिनीपासून सात फुटांपर्यंत, टाइल्स लावून घ्यायचे आम्ही ठरवले.

पहिल्या कंत्राटदाराने पट्टी आणि शेगडीमागचा दगड दोन्ही फोडून टाकायला सांगितले. नव्या भिंतीवर काम सोपे होते, हे त्याचे म्हणणे खरे होते. परंतु आमची पट्टी ओट्यावर चिकटवलेली आहे आणि ओट्याची मागची कड भिंतीत रोवलेली आहे. हातोड्याचे घाव बसून ओट्यालाच तडा गेला असता, तर संपूर्ण दगड बदलण्याखेरीज इलाज नव्हता. शिवाय फोडणीचे तेल उडते त्या जागी सांधा नसलेला सलग दगड पुसायला सोपा असतो. सासूबाईंनी हे ठामपणे सांगितले आणि मला ते पटले. नंतर आलेल्या मिस्त्रींनी दोन्ही गोष्टी तशाच ठेवून काम करण्याची तयारी दाखवली.

त्यांनी सर्वप्रथम पाण्याची लेव्हल नळी लावून पट्टीची वरची कड तपासली. लांब भिंतीवर नऊ फुटांत ती सिंकच्या बाजूला जवळजवळ आठ मिलिमीटर खाली उतरत होती. मला तो जुन्या कामातला दोष वाटला. मिस्त्री म्हणाले, "ताई, हा दोष नाही. पाणी सिंककडे जावं म्हणून ओट्याला ढाळ दिलेला असतो. ढाळ ओट्याला पाहिजे, टाइलला नाही." आमच्या पुढच्या सर्व कामाचा आधार हे एक वाक्य होते. पट्टीवर पहिली ओळ टेकवून सुरुवात केली असती, तर सगळ्या ओळी ओट्याबरोबर उतरत गेल्या असत्या आणि वर लिंटेलच्या सरळ रेषेपाशी तो तिरकसपणा उघडा पडला असता. पट्टीच्या कडेशी मात्र तेवढाच फरक डोळ्यांना जाणवत नाही.

म्हणून मोजणी वरून खाली केली. टाइल ३०० गुणिले ४५० मिलिमीटरची, आडवी लावायची, सांधा दोन मिलिमीटरचा. सात फुटांच्या रेषेपासून पट्टीपर्यंतचे अंतर एका टोकाला ११८८ आणि सिंकच्या टोकाला ११९६ मिलिमीटर भरले. वरच्या तीन ओळी अखंड ठेवून आणि पट्टीपाशी चार मिलिमीटरची फट सोडून तळच्या ओळीची उंची एका टोकाला २७८ आणि दुसऱ्या टोकाला २८६ मिलिमीटर येत होती. सगळा ढाळ या एकाच ओळीत सामावून जाणार होता. हा हिशेब आम्ही भिंतीवरच पेन्सिलीने लिहून ठेवला.

खिडकी आणि शेगडीमागचा दगड वजा जाता क्षेत्र सुमारे ४५ चौरस फूट होते. एका खोक्यात सहा टाइल्स, म्हणजे पावणेनऊ चौरस फुटांच्या आत-बाहेर. सहा खोकी पुरली असती, पण कापण्यात तुकडे वाया जाणार हे धरून सात घेतली आणि सर्व खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याची दुकानातच खात्री केली. गुजरातमधील मोरबीहून येणाऱ्या एकाच डिझाइनच्या टाइल्समध्येही बॅच बदलली की रंगछटा बदलू शकते, आणि हा फरक बहुधा भिंतीवर लावल्यानंतरच दिसतो.

भिंतीच्या तयारीत दोन दिवस गेले. ऑइल पेंटवर टाइल चिकटवली तर ती भिंतीला चिकटत नाही, रंगाला चिकटते, आणि रंग सुटला की तीही सुटते. त्यामुळे रंग खरवडून प्लास्टरला थोड्या थोड्या अंतरावर टाचे (पकड मिळण्यासाठी छोट्या खाचा) मारले. सिंकजवळचे फुगलेले प्लास्टर काढून नवे केले आणि ते पूर्ण वाळेपर्यंत काम थांबवले. ओट्यावर जुनी गादी आणि तिच्यावर प्लायवुड अंथरले होते. ही काळजी मी प्रत्येकाला घ्यायला सांगेन, कारण ग्रॅनाइटच्या पॉलिशवर पडलेला ओरखडा सहजासहजी जात नाही.

टाइल्स सिमेंटवर लावायच्या की ॲडहेसिव्हवर (टाइल चिकटवण्याच्या तयार मिश्रणावर), यावर थोडी चर्चा झाली. पट्टीच्या मागे जाडीला जागा कमी होती आणि ॲडहेसिव्हचा थर पातळ असतो, म्हणून मी त्याचा आग्रह धरला. आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा उल्लेख असलेल्या २० किलोच्या दोन गोण्या आणल्या. मिस्त्रींचा मदतनीस सवयीने टाइल्स पाण्यात भिजत घालू लागला, तेव्हा त्याला थांबवावे लागले. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी भरपूर शोषते, म्हणून सिमेंटच्या कामात ती भिजवतात, पण ॲडहेसिव्हसाठी पाठ कोरडी आणि धूळरहित असावी लागते. मिश्रण टाइलच्या पाठीवर पाच ठिकाणी गोळे ठेवून न लावता दातेरी थापीने भिंतीवर सलग ओढले. गोळ्यांमध्ये पोकळी राहते, टाइल वाजवली की बद्द आवाज येतो आणि पुढे तिथे छिद्र पाडताना ती फुटते.

तळच्या ओळीच्या वरच्या कडेला लेव्हलमध्ये एक लाकडी रीप स्क्रूने बसवली आणि दुसऱ्या ओळीपासून वर काम केले. तळची ओळ दुसऱ्या दिवशी रीप काढून लावली. प्रत्येक टाइलसाठी दोन्ही कडांची मापे वेगळी घेतली, कारण पट्टी सरळ उतरत नव्हती, मध्ये किंचित पोटही होते. टाइल पट्टीवर टेकू नये म्हणून खाली प्लास्टिकच्या पाचरी सरकवल्या.

खरी अडचण जाडीची होती. लांब भिंतीवर पट्टी प्लास्टरपासून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, पुढे होती. टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून चार सूत झाले आणि पट्टीची दोन सुतांची कड बाहेर राहिली, ते ठीकच झाले. छोट्या भिंतीवर मात्र पट्टी प्लास्टरमध्ये दाबलेली होती आणि जेमतेम दोन सूत पुढे होती. तिथे टाइलच पट्टीच्या पुढे येणार होती आणि तिची खालची कड समोरून दिसणार होती. सुदैवाने त्या भिंतीवर पट्टी लेव्हलमध्ये होती, म्हणून कापलेली कड वर सांध्यात फिरवली आणि कारखान्याची साफ कड खाली ठेवली. लांब भिंतीवर हे शक्य नव्हते. तिथे तिरकी कापलेली कड खालीच ठेवावी लागली, पण ती पट्टीच्या आड गेली.

शेगडीमागच्या दगडाची वरची कड पट्टीपासून ५०० मिलिमीटरवर, म्हणजे दुसऱ्या ओळीच्या मध्येच येत होती. त्यामुळे त्याच्या दोन कोपऱ्यांवर टाइलला काटकोनी खाच द्यावी लागली. पहिली टाइल खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून चिरली. दुसरीला मिस्त्रींनी आधी त्या कोपऱ्यात ड्रिलने छिद्र पाडले आणि दोन्ही बाजूंचे काप त्या छिद्रापर्यंतच नेले. चीर तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होते, गोल छिद्रातून सहसा होत नाही. या रीतीने दोन्ही कोपऱ्यांच्या टाइल्स अखंड उतरल्या. मिक्सरच्या स्विचबोर्डाचा बॉक्स टाइलच्या जाडीइतका मागे गेला, म्हणून मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून लांब स्क्रू लावून घेतले.

टाइल्समधील सांधे एपॉक्सी ग्राउटने भरले, कारण हळद आणि तेलाचे डाग सिमेंटच्या ग्राउटमध्ये मुरतात. एपॉक्सी लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडे कालवले आणि तेवढे सांधे भरून झाले की लगेच ओल्या स्पंजने टाइल पुसली. पट्टी आणि टाइल यांच्यातली फटही त्याच ग्राउटने भरू, असे मिस्त्री म्हणाले. तिथे मात्र मी ऐकले नाही. ओटा आणि भिंत हे दोन वेगळे भाग आहेत. मिक्सर चालतो, जड पातेले आदळते, गरम भांडे ठेवले जाते, आणि ओटा किंचित हलतो. त्या जागी कडक पदार्थ टिकत नाही, हे जुन्या पांढऱ्या सिमेंटनेच दाखवून दिले होते. म्हणून पट्टी आणि शेगडीमागचा दगड यांच्याभोवतीच्या सर्व फटी पाचरी काढून, झाडून, कोरड्या करून सिलिकॉनने भरल्या. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचे निवडले. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार सिमेंटला आणि काही दगडांना मानवत नाही. दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून फट भरली, साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट एकसारखे फिरवले आणि सिलिकॉन ओले असतानाच टेप काढली.

चोवीस तास ओट्यावर पाणी पडू दिले नाही. त्यानंतर ट्रॉली काढून ओट्याखाली वर्तमानपत्रे पसरली आणि शेगडीच्या टोकाकडून पट्टीच्या कडेने तांब्याने पाणी सोडले. पाणी पट्टीला लागून ढाळाने सिंककडे गेले. रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद हाताने चाचपून पाहिले. ते कोरडे होते.