उभ्या गाडीचा खर्च

स्पोर्ट्स कार कुठे उभी दिसली की बहुतेक लोक बोनेटवरचा बिल्ला बघतात आणि मोबाइल काढतात. आमच्या टोळक्यातले लोक उकिडवे बसून टायर बघतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हवा सोडताहेत की काय. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१५' म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. रंगावर ओरखडा नाही, टायरची नक्षी नव्यासारखी खोल, आणि तारीख मात्र दशकभरापूर्वीची, अशी गाडी दिसली की मामा मान हलवतात आणि "बिचारी" म्हणतात. मामा आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. कोणाचेच मामा नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात.

मी पेशाने हिशेब तपासणारा. माझ्या नावावर एकही स्पोर्ट्स कार नाही, आणि होईल असं वाटतही नाही. तरी टोळक्यात मला थोडा मान आहे, कारण ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांच्या पावत्या माझ्याकडे असतात. मालक मंडळी एकमेकांना खरा खर्च सांगत नाहीत. घरी तर त्याहून कमी सांगतात. माझ्यासमोर मात्र फाइल टाकतात आणि म्हणतात, "बघ रे, यात काही कमी होतंय का." इतकी वर्षं हे कागद चाळून माझं एक मत पक्कं झालंय: पळवलेल्या गाडीपेक्षा जपून ठेवलेली गाडी महाग पडते. यावरून आमच्यात दर वेळी भांडण होतं, म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो.

आधी गाडी दिसते तेव्हा काय बघायचं ते. समोरच्या बंपरचा खालचा ओठ आतून खरवडलेला असेल तर मालक गाडी चालवतो, रॅम्पवरून तिरकी चढवायलाही शिकलाय, फक्त दर वेळी जमत नाही. बोनेटच्या पुढच्या कडेला बारीक टवके म्हणजे हायवेवरचे खडे. ब्रेकच्या लोखंडी डिस्कवर सगळीकडे तांबूस गंज म्हणजे गाडी काही दिवस हललेली नाही. डिस्क करड्या, खडबडीत कापडासारखी नक्षी असलेल्या, गंजाचा मागमूस नाही, तर त्या कार्बन-सिरॅमिक. पोर्शेवर त्यांच्या जोडीला बहुधा पिवळे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे चिमटे, दिसतात. रस्त्यावरच्या गाड्यांना अशा डिस्क मिळू लागल्या त्या २००१ च्या सुमारास, पोर्शेच्या ९११ जीटी२ सारख्या गाड्यांना. या डिस्क साध्या वापरात फार टिकतात, ब्रेक लावून झिजवायच्या म्हटल्या तरी वर्षानुवर्षं लागतात. त्यांची वाट लागते ती पंक्चर काढताना. चाक बसवताना हात निसटला आणि रिमची कड डिस्कवर आदळली की टवका उडतो. म्हणून जाणता माणूस आधी हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, लांब पिना फिरवतो आणि चाक त्यांच्यावरून अलगद सरकवतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी डिस्कच्या बाहेरच्या कडेवर टॉर्च मारून बघावं. आमचे डॉक्टर तेवढ्यासाठी खिशात टॉर्च ठेवतात, आणि तो त्यांच्या धंद्यातलाच आहे.

आता खर्च. मी पावत्यांचे दोनच ढीग करतो. एक किलोमीटरचा, एक कॅलेंडरचा. किलोमीटरच्या ढिगात पेट्रोल, ब्रेक पॅड, क्लच, टायरची झीज. कॅलेंडरच्या ढिगात विमा, बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट, रबराचे पट्टे, रबराचे पाइप, आणि वयामुळे कडक झालेले टायर. रोजच्या गाडीत पहिला ढीग मोठा असतो. स्पोर्ट्स कारमध्ये दुसरा, आणि तो गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा, वाढतच राहतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलायचंच. रबराला तुम्ही किती फिरलात याच्याशी घेणंदेणं नाही.

कॅलेंडरच्या ढिगाचा राजा म्हणजे टायमिंग बेल्ट, इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडझाप करवणारा रबरी पट्टा. फेरारी एफ३५५ घ्या, १९९४ ते १९९९ मधली. इंजिन सीटच्या मागे, आणि बेल्ट इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे सीटमागच्या भिंतीला जवळजवळ खेटून. मधे हात जायला जागा नाही. मग बेल्ट बदलायचा कसा? गाडी उचलायची, गिअरबॉक्स आणि मागच्या सांगाड्यासकट अख्खं इंजिन खाली उतरवायचं, टेबलावर ठेवायचं, बेल्ट बदलायचा, आणि सगळं उलट क्रमाने परत. बेल्टची किंमत त्या बिलात शोधावी लागते, बाकी सगळी मजुरी. आणि एवढं उतरवलंच आहे तर हा पाइपही बदलू, तो सीलही बदलू. ते बरोबरच असतं, पण बिलाची दुसरी पानं तिथूनच सुरू होतात. हे सगळं दर काही वर्षांनी, गाडी पाचशे किलोमीटर फिरलेली असली तरी. पुढच्या ३६० मोडेनामध्ये सीटमागे झाकण दिलं, ते काढलं की बेल्टपर्यंत हात पोचतो. २००४ च्या एफ४३० मध्ये बेल्टच गेला, साखळी आली. जुन्या फेरारीच्या गप्पांत कोणी 'साखळीवाली की पट्ट्याची' असं विचारलं तर समजावं, याने बिलं भरलेली आहेत.

एफ४० ची तर कमालच. १९८७ ची गाडी, तीनशेच्या वर पळणारी. तिच्या पेट्रोलच्या टाक्या रेसच्या गाडीसारख्या, रबरी पिशवीच्या. पिशवी वयाने कडक होते, म्हणून साधारण दहा वर्षांनी बदलायची. कितीही जपा. गाडी हॉलमध्ये काचेआड ठेवा, पिशवी म्हातारी होणारच.

शिवाय उभ्या गाडीची स्वतःची दुखणी असतात. अलार्म आणि कॉम्प्युटर बॅटरी गुपचूप पीत राहतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. ब्रेकचे पिस्टन चिकटतात. पेट्रोल शिळं होतं. उंदरांना वायरिंगवरचं आवरण का आवडतं देव जाणे, पण आवडतं. यावर बहुतेक मालकांचा तोडगा म्हणजे आठवड्यातून एकदा गॅरेजमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायचं. हा तोडगा म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट. इंधन जळतं तेव्हा पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं नाही तर ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. चालू करायची तर वीस मिनिटं रस्त्यावर न्या, ऑइल तापू द्या, नाहीतर हातच लावू नका, बॅटरीला चार्जर लावून सोडून द्या.

ऑइल तापण्यावरून आठवलं. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये आरपीएमच्या काट्याभोवती छोटे दिवे आहेत. थंड इंजिनात वरच्या आकड्यांवर ते पेटलेले असतात, म्हणजे इतकं वर जाऊ नका. ऑइल गरम होत जातं तसे एकेक विझतात. याहून सभ्य भाषेत मालकाला कोणी 'थांब जरा' म्हटलेलं मी पाहिलेलं नाही.

बाजार माझ्या मताच्या विरुद्ध आहे, हे मला माहीत आहे. विकताना कमी किलोमीटरच्या गाडीला जास्त भाव मिळतो, आणि धाकटा दर वेळी हेच तोंडावर फेकतो. (धाकटा म्हणजे जुन्या ९११ वाला. लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी धाकटाच.) माझं उत्तर हिशेबाचं आहे. कमी फिरवून जो भाव वाचवलास त्यातून उभं राहिल्यामुळे झालेला खर्च वजा कर, गाडी घेऊन न चालवल्याची वर्षं वजा कर, मग सांग. आणि शहाणा गिऱ्हाईक मीटर बघत नाही, पावत्यांची फाइल बघतो. वीस वर्षांच्या गाडीला नावापुरते किलोमीटर आणि बेल्ट बदलल्याची एकही पावती नाही, तर ती गाडी स्वस्त नाही, तिचं बिल फक्त अजून आलेलं नाही. धाकट्याला हे पटत नाही. पटेल, बॅटरी तिसऱ्यांदा बसली की.

मामांकडे जुनी माझ्दा एमएक्स-५ आहे. १९८९ साली आलेली छोटी, दोन सीटची, पुढे इंजिन, मागच्या चाकांना जोर. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. छत उघडणाऱ्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये इतका खप दुसऱ्या कोणाचा नाही. बिल्ला बघणारे तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. तिच्या फाइलीत दोन्ही ढीग सारखे आहेत, म्हणजे गाडी फिरते. मामांना मी एकदा प्रति किलोमीटर खर्च काढून दिला. आकडा बघून म्हणाले, "जास्त वाटतोय. थांब, भाजक वाढवतो." आणि किल्ली घेऊन गेले.

नियमांवर आमच्यात सगळ्यात जास्त डोकी तापतात, कारण नियम कोणालाच पूर्ण माहीत नसतात आणि मत मात्र प्रत्येकाला असतं. एक नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे तो अमेरिकेतला. तिथे बाहेरून आणलेली गाडी पंचवीस वर्षांची झाली की तिला तिथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते. कॅनडात हीच मर्यादा पंधरा वर्षं. निसान स्कायलाइन जीटी-आर, तिची आर३२ ही पिढी, १९८९ ची. त्यामुळे २०१४ पासून ती अमेरिकेत सरळ मार्गाने जाऊ लागली. आर३४ या नंतरच्या पिढीचा नंबर २०२४ मध्ये लागला. मोजणी कारखान्यातून निघालेल्या महिन्यापासून होते, त्यामुळे लोक जपानमध्ये गाड्या आधीच विकत घेऊन गोदामात वाढदिवसाची वाट बघत ठेवतात. उभ्या गाडीबद्दल मी वर काय लिहिलं ते त्यांनी वाचलेलं नसावं.

त्याच गाडीची दुसरी गंमत. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं की देशात विकायच्या गाडीची ताकद २८० पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप) वर सांगायची नाही. कायदा नव्हता, शब्द होता, आणि तो २००४ पर्यंत पाळला गेला. म्हणजे कागदावर पाळला गेला. जीटी-आरच्या माहितीपत्रकात २८०, आणि ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवली की काटा त्यापुढे. हिशेब तपासणाऱ्याला अशी खोटी नोंद आवडू नये, पण ही आवडते. कमी दाखवलेलं उत्पन्न नेहमी बघतो, कमी दाखवलेली ताकद पहिल्यांदाच बघितली.

आवाजाचं प्रकरण वेगळं. बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये झडप असते. हळू जाताना बंद, जोर दिला की उघडते. कंपनीने बसवलेली झडप चाचणीतून पास झालेली असते. बाहेरून आणून लावलेला मोकळा पाइप नसतो, आणि मालकाचं 'पण आवाज तितकाच येतो' हे म्हणणं तपासणीत टिकत नाही. उभ्या गाडीचा आवाज मोजताना माइक नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, पंचेचाळीस अंशांत धरतात, इंजिन ठरावीक आरपीएमवर. डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही, तीनने वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. म्हणून 'फक्त तीनच जास्त आहे ना' असं म्हणणाऱ्या धाकट्याशी मी वाद घालत नाही, कागद पुढे करतो. युरोपात २०१८ च्या आसपास पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी गाळणारी जाळी आली आणि बऱ्याच नव्या गाड्यांचा गळाच बसला. झडपेवर भांडणारे दोन्ही गट त्यावर मात्र एकत्र रडतात.

विम्याचा नियम कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. गाडीत काहीही बदललं तर कंपनीला लेखी कळवा. ट्रॅकवर जाण्याआधी पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा, बहुतेक ठिकाणी ट्रॅक वगळलेला असतो. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या जुन्या, २०.८ किलोमीटरच्या वळणदार रस्त्यावर पैसे भरून कोणीही आपली गाडी नेऊ शकतो. तो तेव्हा टोल घेणारा एकेरी रस्ता मानला जातो, वाहतुकीचे साधे नियम लागू, ओव्हरटेक डावीकडूनच. डॉक्टरांना वाटत होतं, रस्ता आहे म्हणजे विमा आहे. मी त्यांना त्यांचीच पॉलिसी वाचून दाखवली.

राहिले आमचे आपले नियम, ते कुठे छापलेले नाहीत. फोटो टाकण्याआधी नंबर प्लेट झाकायची. गाडी कोणाच्या घरासमोर उभी असेल तर जागा सांगायची नाही, चोरही हौशी असतात. हात लावायचा नाही, बॅग घेऊन जवळून जायचं नाही, जीन्सचं बटण रंगाला पुरतं. मालक आला तर किंमत विचारायची नाही, वर्ष विचारायचं. आणि गाडी नुकतीच चालू झाली असेल तर 'एकदा रेस द्या ना' म्हणायचं नाही. का ते वर लिहिलंय.

सध्या वाद विजेच्या गाड्यांवर अडलाय. पेट्रोल गाडीने किती आवाज करू नये याचा नियम आहे. युरोपात विजेच्या गाडीने ताशी वीस किलोमीटरच्या आत किमान किती आवाज केलाच पाहिजे याचाही आहे, पायी चालणाऱ्याला चाहूल लागावी म्हणून. धाकटा म्हणतो, स्पीकरवरचा आवाज तो काय आवाज. मामा म्हणतात, मला छत उघडून पक्षी ऐकू आले तर चालेल. डॉक्टरांचा प्रश्न एकच होता, तिला बेल्ट असतो का. नसतो म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प होते, आणि मग त्यांनी माझ्याकडून स्वतःची फाइल मागून घेतली.